तो कुठल्या पानावर थांबेल

“आई, हे पुस्तक लिहिणाऱ्याला म्हातारी माणसं आवडत नसावीत,” शारोन म्हणाली.

मी मेथी निवडत होते. ती माझ्यासमोर फरशीवर पालथी पडून वाचत होती, पाय हवेत, एक वेणी सुटलेली.

“कशावरून?”

“यातल्या सगळ्या म्हाताऱ्या कजाग आहेत. एकीलाही नातवंड नाही, एकीलाही कोणी आजी म्हणत नाही. खऱ्या म्हाताऱ्या अशा असतात का? आपली आजी तर अशी नाही.”

निरीक्षण चांगलं होतं. बारा वर्षांच्या मुलीला ते सुचलं म्हणून मी तिचं कौतुक करणारही होते. तेवढ्यात ती म्हणाली, “टीचर म्हणतात, वाचताना प्रभू आपल्या शेजारी बसून तेच पुस्तक वाचतोय असं समजायचं. आणि मग बघायचं, तो कुठल्या पानावर थांबेल. मला वाटतं, तो इथं थांबेल. म्हाताऱ्यांच्या पानावर.”

मी मेथीची जुडी जरा जोरातच आपटली.

टीचर म्हणतात. त्या वर्षी आमच्या घरात जेवणाआधीच्या प्रार्थनेपेक्षा हे दोन शब्द जास्त ऐकू येत. टीचर म्हणतात, पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचलं तरी पाप लागत नाही. टीचर म्हणतात, पुस्तक आवडलं नाही तर का नाही ते सांगता आलं पाहिजे. टीचर कुंकवाच्या रंगाची साडी नेसतात आणि त्यांना ती शोभते. हे शेवटचं टीचर म्हणत नव्हत्या, शारोन म्हणत होती, पण मला ते सगळं सारखंच झोंबायचं.

ह्या टीचर म्हणजे ज्योत्स्ना चक्रनारायण. वय सव्वीसच्या आसपास, लग्न व्हायचं होतं. नगरहून बदली होऊन श्रीरामपूरला प्राथमिक शाळेत आली, आणि पहिल्याच रविवारी आमच्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर येऊन बसली. आमच्या मंडळीत नवीन माणूस निदान महिनाभर मागे बसतं.

आमच्या शब्बाथशाळेचा मोठा वर्ग मी घेत असे, शारोनचा जन्म व्हायच्याही आधीपासून. रविवारी उपासनेआधी चर्चच्या मागच्या खोलीत मुलं जमायची, मी त्यांच्याकडून शास्त्रातली वचनं पाठ करून घ्यायची आणि गोष्ट सांगायची. त्याच खोलीत मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. त्याची किल्ली माझ्याकडे, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. कपाटात जाणारं प्रत्येक पुस्तक आधी मी वाचायची. एखाद्या पानावर चेटकीण निघाली, जादूटोणा निघाला किंवा फाजील प्रेमाबिमाचं काही निघालं, की मैद्याची खळ करून त्या पानावर जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवून टाकायची. कोरी बाजू वर. मुलं ती पानं उजेडाकडे धरून बघत असत हे मला ठाऊक होतं. म्हणून मी कॅलेंडर जाड वापरायचे.

मग मला पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशनला मिरजेला गेले, तिकडे बहिणीकडेच राहिले, आणि परत येऊन पाहते तो चर्चच्या पाळकसाहेबांनी माझा वर्ग चक्रनारायणबाईंना देऊन टाकलेला. “तुम्ही विश्रांती घ्या हो सत्राळकरबाई,” पाळकसाहेब म्हणाले. “मुलांनाही टीचर आवडल्यात.” कपाटाची किल्ली तेवढी माझ्याकडे राहिली. पण टीचर आपली पुस्तकं पिशवीतून घेऊन यायच्या, तेव्हा किल्ली असून नसून सारखीच होती.

“तुझं पोट दुखतंय,” एकदा हे मला म्हणाले. “आणि खडे तर काढून टाकलेत.”

मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. खरं बोलणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

पण वर्ग गेल्याचं दुःख मला होतं असं कोणाला वाटत असेल, तर ते चूक आहे. वर्गात मुलं नाकं शिंकरतात आणि बाकाखाली भांडतात. माझं दुःख शारोनचं होतं. ती अक्षरं जुळवायला लागली तेव्हापासून आमच्यात एक रीत होती. घरात आलेलं पुस्तक आधी मी वाचायचं, मग तिने, आणि मग आम्ही दोघींनी त्यावर बोलायचं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, कुठेही. हे कारखान्यातून दमून यायचे आणि आमच्या गप्पा ऐकत झोपून जायचे. पुस्तक ही आम्हा मायलेकींची गोष्ट होती, तिसऱ्या माणसाला तिथे जागा नव्हती. आता ती पुस्तक घेऊन सायकलवर टांग टाकून टीचरच्या खोलीवर जायची, आणि घरी यायची ते बोलून मोकळी होऊन. माझ्या वाट्याला उरलंसुरलं. मला वर्ग परत नको होता. शारोन परत हवी होती.

एका रविवारी मी त्या वर्गात जाऊन बसले. कपाट झाडायचं निमित्त केलं. टीचर फळ्यावर काहीही न लिहिता मुलांच्या मधोमध खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांनी राक्षसाची एक गोष्ट वाचली. राक्षस, माझ्या कपाटात त्याला कॅलेंडर लागलं असतं.

“आता सांगा,” टीचर म्हणाल्या, “प्रभू कुठे थांबेल?”

“राक्षस आला तिथे,” एक मुलगा म्हणाला. “कारण राक्षस वाईट.”

“वाईट माणूस गोष्टीत आला म्हणून पुस्तक वाईट होतं का? मग शास्त्रात किती वाईट माणसं आहेत. शारोन?”

“राजाने राक्षसाला फसवून मारलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिथे,” शारोन म्हणाली. “राक्षस तर झोपला होता.”

“छान. आणि तुला ती गोष्ट आवडली का?”

“आवडली. पण टाळ्या नाही आवडल्या.”

टीचर हसल्या. शारोनही त्यांच्याकडे बघून हसली. तसं हसणं मी ओळखते, कारण ते माझं होतं. ती मला तसं हसायची. मी कपाटाच्या वरच्या फळीवरची धूळ एवढी झटकली की दोन मुलं शिंकायला लागली. वर्गात चूक काढावी असं काही मला सापडलं नाही, आणि त्यामुळे तर अंगाचा जास्तच तिळपापड झाला.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती जी चक्रनारायणबाईंकडे नव्हती. मी पुस्तक लिहिलं होतं.

‘आज्ञाधारक आनंद आणि इतर गोष्टी’. आधी आमच्या मंडळ्यांच्या मासिकात एकेक गोष्ट छापून आली, मग पाळकसाहेबांनी पुढाकार घेऊन पुस्तक काढलं. हिरवं मुखपृष्ठ, त्यावर आनंद आणि त्याचं कुत्रं. आनंद आईवडिलांचं ऐकतो आणि त्याचं भलं होतं. त्याचा शेजारी जोनू कोणाचंच ऐकत नाही, आणि त्याचं काय व्हायचं ते होतं. शेवटच्या गोष्टीत जोनू आईने झाकून ठेवलेलं पुस्तक चोरून उघडतो, वर ‘मी नाही’ म्हणून खोटं बोलतो, पळत सुटतो आणि विहिरीत पडतो.

ही गोष्ट मला कशी सुचली तेही सांगते. टीचर यायच्या आदल्या वर्षी कपाटातल्या एका पुस्तकाची मी चिकटवलेली पानं कोणीतरी सोडवली होती. चेटकिणीची पानं. कागद फाटला नव्हता, नीट सुटा झाला होता, म्हणजे वाफेवर धरून उघडलं होतं. ते पुस्तक सलोमी वाघचौरे नावाच्या मुलीने नुकतंच परत आणून दिलं होतं. शारोनच्याच वर्गातली, बापाविना वाढलेली, आजीजवळ राहायची. “मी नाही केलं, बाई,” ती म्हणाली. “असंच होतं ते.” मी म्हणाले, वर खोटं बोलतेस. तिला कपाटातली पुस्तकं देणं बंद केलं. पुढच्या रविवारपासून ती शब्बाथशाळेत यायचीच बंद झाली. त्याच आठवड्यात मी जोनूची गोष्ट लिहिली, एका बैठकीत. शारोनला वाचून दाखवली तेव्हा ती हमसून हमसून रडली. जेवलीसुद्धा नाही. एवढी दाद मला आजवर कोणी दिली नव्हती.

आणि आता मुलांचा रविवार आला. दरवर्षी त्या दिवशी मुलं मंडळीसमोर उभी राहून पाठ केलेली वचनं म्हणत. ती मी बसवून घ्यायची. या वर्षी टीचरनी ठरवलं की लहान वर्गाने वचनं म्हणायची, आणि मोठ्या वर्गातल्या प्रत्येकाने एका पुस्तकाविषयी बोलायचं. पुस्तक ज्याचं त्याने निवडायचं.

“कोणतं घेतलंस?” मी शारोनला विचारलं.

“सांगायचं नाही असं ठरलंय.”

“आईलाही?”

“आईलाही,” ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही.

दोन दिवस मी कळ काढली. तिसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर तिची गादी झटकायला घेतली. गादी रोज झटकायलाच हवी. उशीच्या अभ्र्यात माझं पुस्तक होतं. हिरवं, आनंद आणि त्याचं कुत्रं. मधे मधे कागदाचे बारीक कपटे घातलेले, शेवटाकडे जास्त.

मी गादीवरच बसले. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. टीचरच्या पिशवीत एवढी पुस्तकं, शहरातली, रंगीत चित्रांची. आणि पोरीने सगळी सोडून आईचं घेतलं. मी पुस्तक होतं तसं ठेवलं, अभ्र्याची सुरकुतीसुद्धा नीट केली नाही, आणि संगमनेरला नणंदेला निरोप धाडला की मुलांच्या रविवारी जरूर या, मटण करते.

गुरुवारी चार वाजता चक्रनारायणबाई स्वतः दारात उभ्या.

“सलाम, बाई. आत येऊ?”

“सलाम. या की.”

शारोन घरी नव्हती हे बघून त्या आल्या असाव्यात. मी चहा टाकला. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि कपाला हातही न लावता म्हणाल्या, “शारोनने रविवारसाठी कोणतं पुस्तक घेतलंय, तुम्हाला माहीत आहे?”

“आहे. माझंच घेतलंय.”

“तिने सांगितलं?”

“आईला सांगावं लागत नाही.”

“बाई, तुम्ही तिला दुसरं पुस्तक घ्यायला सांगाल का? मी सांगून पाहिलं. ती ऐकत नाही.”

माझ्या हातातली बशी तिथेच थांबली. म्हणजे हे होतं तर. इतके दिवस मी समजत होते की जळणारी मी एकटीच. बाईंनाही मिरच्या झोंबल्या होत्या. लेकरू वर्षभर ह्यांच्या मागे मागे, आणि सगळ्या मंडळीसमोर नाव घेणार ते आईचं.

“का बरं?” मी गोड आवाजात विचारलं. “माझं पुस्तक चालत नाही का तुमच्या वर्गात?”

“तसं नाही. तिने परवा मला थोडं बोलून दाखवलं. पुस्तकातलं जे तिला पटत नाही ते. मग मधेच थांबली, पुढचं रविवारीच बोलेन म्हणाली. पुढचं काय ते मला माहीत नाही. पण सगळ्यांसमोर ते ऐकायला तुम्हाला जड जाईल असं वाटलं, म्हणून आले.”

“पटत नाही ते बोलायला तुम्हीच शिकवलंत ना?”

“हो. मीच शिकवलंय. म्हणून तर तिला नको म्हणताना मलाच कसंसं झालं. मी कोणत्या तोंडाने नको म्हणू? तुम्ही आई आहात, तुम्ही म्हणू शकाल.”

“टीचर, तुम्ही कधी पुस्तक लिहिलंय?”

“नाही.”

“मग राहू द्या. पुस्तक म्हटलं की थोडंफार इकडचं तिकडचं बोललं जाणारच. माझी मुलगी काय बोलेल ते मला समजतं.”

त्यांनी चहा संपवला, कप मोरीत नेऊन विसळून ठेवला आणि निघाल्या. कप विसळून ठेवला याचाही मला राग आला. इतकं चांगलं कशाला वागायचं?

रविवारी चर्च भरलं होतं. लहान वर्गातल्या मुलांचे सगळे नातेवाईक आलेले. मी जांभळी साडी नेसले होते, नणंद शेजारी, हे पलीकडे पुरुषांच्या बाजूला. मागे दाराजवळ सलोमीची आजी दिसली, तिचा धाकटा नातू लहान वर्गात होता. सलोमी तिच्याजवळ बसली होती. दोन वर्षांत उंच झाली होती. मी नजर पुढे वळवली.

वचनं झाली. मोठ्या वर्गातली दोन मुलं बोलून गेली, एकाने तर पुस्तकाचं नावच विसरून दाखवलं. मग शारोन उभी राहिली. हातात हिरवं पुस्तक. नणंदेने माझा हात दाबला.

“मंडळीला सलाम. मी ‘आज्ञाधारक आनंद आणि इतर गोष्टी’ या पुस्तकाविषयी बोलणार आहे. हे माझ्या आईने लिहिलंय.”

बायकांच्या बाजूला कौतुकाची कुजबुज झाली. मी खाली बघितलं, खाली बघावं तसं.

“यातली भाषा सोपी आहे आणि आनंदचं कुत्रं खूप छान आहे. ते पावाच्या तुकड्यासाठी प्रार्थनेला बसतं. त्या पानावर प्रभू थांबेल आणि हसेल.” लोक हसले. “पण शेवटच्या गोष्टीतही तो थांबेल. तिथे जोनू विहिरीत पडतो. मग सगळे आपापल्या घरी जातात. आनंद जेवायला बसतो आणि त्याची आई त्याला शिरा वाढते. जोनूला कोणी काढतच नाही. मी पुन्हा पुन्हा वाचून बघितलं, कोणी वाकूनही बघत नाही. मला वाटतं, प्रभू त्या पानावर थांबेल आणि म्हणेल, अरे, आधी दोर आणा.”

पुन्हा हसू आलं, या वेळी मोठं. पाळकसाहेबसुद्धा हसले. माझे कान तापले. मी टीचरकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. गुरुवारी त्या हेच सांगायला माझ्याकडे आल्या होत्या, आणि आता पुढचं काय म्हणून शारोनकडे बघत होत्या. माझ्या मनात एकच होतं. हे शब्द हिने दिलेत. माझ्या पोरीच्या तोंडातून ही बोलतेय.

शारोनने पुस्तक मिटलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

“ही गोष्ट आईला का सुचली ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “कपाटातल्या पुस्तकाची चिकटवलेली पानं कोणीतरी उघडली होती. आईला वाटलं सलोमीने उघडली. सलोमीने नाही. मी उघडली होती. किल्ली आमच्या घरातच असते. मी पुस्तक घरी आणलं, आई बाजारात गेली तेव्हा भाताच्या वाफेवर धरलं आणि परत नेऊन ठेवलं. मग ते सलोमीने वाचायला नेलं. आई सलोमीला रागावली तेव्हा मी तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही. मग आईने गोष्ट लिहिली. तर त्या गोष्टीतला जोनू मी आहे.”

आता कोणी हसलं नाही.

मी उठून उभी राहिले. चर्चमध्ये असं मधेच कोणी उठत नाही. पाळकसाहेबांनी हात थोडा वर केला आणि परत खाली घेतला.

“हे तू टीचरला सांगितलं होतंस?” मी विचारलं.

आज लोकांना सांगते तर त्यांना खरं वाटत नाही की माझ्या तोंडून पहिला प्रश्न हा निघाला. पण हाच निघाला. सगळं मला त्या घडीला परवडलं असतं, तिने आधी टीचरला सांगितलेलं असणं एवढं सोडून.

“नाही,” शारोन म्हणाली.

“पप्पांना?”

“नाही. कोणालाच नाही. तुलाच आधी सांगायचं होतं. घरी खूपदा तुझ्यापुढे येऊन उभी राहिले, पण तोंडच उघडेना. मला वाटायचं, तू शिरा वाढत राहशील. इथे सगळ्यांसमोर तू ओरडणार नाहीस, म्हणून इथे सांगितलं.”

मी टीचरकडे वळून पाहिलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता आणि डोळे विस्फारले होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. वर्षभर सायकलवरून त्या खोलीवर जाऊन बसणाऱ्या माझ्या मुलीने सगळ्यात जड गोष्ट तिथे उतरवली नव्हती. ती माझ्यासाठी राखून ठेवली होती. लाज वाटायच्या आधी, सलोमीची आठवण व्हायच्या आधी, मला आनंद झाला. मी खाली बसले.

पाळकसाहेबांनी गाणं सांगितलं. ते कोणीही नीट म्हटलं नाही.

उपासना सुटल्यावर मी शारोनचा हात धरला आणि दाराकडे गेले. लोक बाजूला होत होते. सलोमी आणि तिची आजी पायऱ्या उतरत होत्या.

“सलोमी,” मी हाक मारली.

ती थांबली. जवळ आली नाही.

“तू तेव्हा खरं बोलली होतीस.”

“मी तेव्हाच सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“हो. सांगितलं होतंस. पुढच्या रविवारी ये. कपाटातलं पाहिजे ते पुस्तक ने. मी कागद काढून टाकते.”

तिची आजी मधे आली. “दोन वर्सं पोरगी या दाराशी फिरकली न्हाई, बाई. मी म्हणायचे, खोटं बोलली असशील, जा, पाया पड बाईंच्या. लई मारलं मी तिला त्यापायी. आता पुस्तकं घिऊन काय करू?”

म्हातारी माझ्याकडे बघत उभी राहिली, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मग तिने नातवाचा हात धरला. सलोमी शारोनला म्हणाली, “तुझ्याशी मी बोलणार नाही,” आणि त्यांच्या मागून गेली. शारोन तिच्याकडे बघत राहिली.

टीचर जवळ आल्या. त्यांनी शारोनच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, “बाई, मला खरंच माहीत नव्हतं.”

“ते मी बघितलं,” मी म्हणाले. त्यांचा हात अजून खांद्यावर होता. मी शारोनला माझ्याकडे ओढून घेतलं. त्या दिवशी सुद्धा.

नणंद आणि हे पुढे निघाले होते, मटण चुलीवरच ठेवून आलो होतो म्हणून घाईने. आम्ही दोघी पाटाच्या कडेने मागून चाललो. शारोनचं नाक वाहत होतं, मी तिला पदर दिला. मला खूप बोलायचं होतं. किल्लीचं, सलोमीचं, दोन वर्षं हिने उरात काय घेऊन झोप काढली असेल त्याचं. आणि माझ्या गोष्टीवर ही रडली ती दाद नव्हती, हेही माझ्या आता कुठे ध्यानात येत होतं. पण मी तिचा हात सोडला नाही एवढंच केलं.

पुलाजवळ आल्यावर ती म्हणाली, “आई, अजून एक आहे.”

“काय?”

“तू रागावशील.”

मी तिच्याकडे बघितलं. नाही रागावणार म्हणाले असते तर तिने ते ओळखलं असतं. मला ती जन्मापासून ओळखते.

“रागावेन,” मी म्हणाले. “तू सांग.”

मग तिने सांगितलं. काय ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. आणि मी रागावले. इतकी रागावले की पाटावर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून वर बघायला लागल्या. शारोनने हात सोडवून घेतला नाही. माझं ओरडून होईपर्यंत ती शेजारून चालत राहिली, आणि मला दम लागला तेव्हा म्हणाली, “झालं? आता पुढचं सांगते.”